माऊस त्यांच्याच हातात राहू द्या

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या एका खालांनी आमच्यापुढे एक कागद ठेवला. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची ती छापील प्रत होती. मुलगी अकरावीला. अर्ज एका सायबर कॅफेत भरून घेतला होता, पैसे मोजले होते, पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. वर्ष संपले तरी खात्यात रक्कम आली नाही. आम्ही बँकेचे पासबुक आणि ती प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहिली. खाते क्रमांकातले दोन अंक उलटसुलट झाले होते. 47 च्या जागी 74. दुरुस्तीची मुदत केव्हाच टळली होती.

आम्हाला वाटले, आता खाला त्या कॅफेवाल्याला चार शब्द सुनावतील. पण त्या म्हणाल्या, "त्या पोराचं काय चुकलं? पडद्याकडे बोट करून त्यानं मला विचारलं होतं, खाला, बघा, बरोबर आहे का? मी हो म्हटलं. मला त्यात काय दिसत होतं?" मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "टीचर, मला शिकवा. बारावीचा अर्ज मी भरणार."

खालांचे वय बावन्न. शौहर जाऊन सहा वर्षे झाली. ब्लाऊज, कुर्ती, शाळेचे गणवेश शिवून घर चालवतात. शिक्षण सातवीपर्यंत, उर्दू शाळेत. मराठी वाचतात, इंग्रजी अक्षरे ओळखतात. आम्ही लगेच हो म्हटले. दर रविवारी जोहरच्या नमाजनंतर आमच्या घरी यायचे ठरले.

हो म्हणताना आम्हाला आमचे दिवसही आठवले. वाचकहो, हसू नका. शाळांची माहिती ऑनलाइन भरायची 'सरल' प्रणाली आली तेव्हा बीएड झालेले, दोन भाषा शिकवणारे आम्ही सातवीच्या एका मुलाला मधल्या सुट्टीत बोलावून घेत असू. तो दोन मिनिटांत काम उरकायचा आणि आम्ही मागे उभे राहून "शाब्बास" म्हणायचो. पुढे एमएस-सीआयटी केले. महाराष्ट्रात 2001 पासून चालू असलेला हा अभ्यासक्रम तोवर गल्लीतल्या निम्म्या मुलांनी संपवलेला होता. प्रमाणपत्र मिळाले, तरी माऊस धरताना तळहाताला घाम यायचा तो यायचाच.

पहिल्या रविवारी खालांनी माऊस उचलला आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखला. यात हसण्यासारखे काही नाही. घरात पडद्यासमोर धरायची जी एकच वस्तू त्यांनी आजवर हाताळली, ती रिमोट. मोबाइलवर तर बोट थेट चित्रावर ठेवायचे असते. इथे हात टेबलावर, नजर पडद्यावर, आणि हात हलला की समोरचा बाण हलतो. हात आणि डोळा दोन वेगळ्या जागी ठेवून काम करायचे, ही नव्या माणसाची खरी अडचण असते. बुद्धीचा त्यात काही संबंध नाही.

हे यंत्र पहिल्यांदा बनले तेही साधेच होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 च्या सुमारास तो बनवला. लाकडाची छोटी पेटी, वर एक बटण, खाली एकमेकींना काटकोनात बसवलेली दोन चाके. एक चाक आडवी हालचाल मोजायचे, दुसरे उभी. मागून वायर शेपटीसारखी निघत असे, म्हणून नाव पडले उंदीर. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो प्रथम लोकांसमोर चालवून दाखवला गेला. आता चाकांच्या जागी प्रकाश आला आहे, पण काम तेच. खालांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी माऊस उलटा करून तांबडा दिवा पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे हा जमीन बघत चालतो." याहून चांगले स्पष्टीकरण आम्हालाही देता आले नसते.

दोन रविवार असे बरे गेले. तिसऱ्या रविवारी आमच्याकडून चूक झाली.

त्या दिवशी डबल क्लिक शिकवत होतो. खाला पहिल्यांदा बटण दाबायच्या, दुसऱ्यांदा दाबेपर्यंत हात सरकायचा आणि फोल्डर उघडण्याऐवजी घसरत बाजूला जायचा. दहा वेळा झाले, बारा वेळा झाले. असरची वेळ होत आली होती, चुलीवर दूध होते, पेपर तपासायचे पडले होते. आम्ही म्हणालो, "द्या इकडे, असं करायचं," आणि त्यांच्या हातातून माऊस घेतला. टक टक. फोल्डर उघडला. खालांनी हात मांडीवर ठेवला, तो परत टेबलावर आणला नाही. "हौ, समजलं," एवढेच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मुलीकडून निरोप आला, शिलाईचे काम फार आहे.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. काम खरोखरच होते, गणवेशांचा ढीग पडला होता. खालांनी चहा दिला आणि मशीनवर बसल्या. बोलता बोलता आम्ही सहज म्हणालो, आम्हाला शाळेत शिवण होते, पण पायाचे मशीन काही कधी जमले नाही. खाला उठल्या. "बसा."

आम्ही बसलो. पायडल दाबले, चाक उलटे फिरले, दोरा गुंतला. पुन्हा दाबले, पुन्हा उलटे. खाला शेजारी उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. आम्ही चुकत होतो, त्यांचा दोरा वाया जात होता, पण त्यांनी हात पुढे केला नाही. मग त्यांनी दोरा काढून टाकला, सुईखाली जुन्या वहीचा रेघांचा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "दोरा नको. चाकाला आधी हातानं पुढं ढकला, मग पाय. रेघेवरून फक्त भोकं पाडा." त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या पहिले काही दिवस असेच बसवतात. बिनदोऱ्याची शिलाई. कापड फाटायची भीती नाही, दोरा तुटायची भीती नाही, हात आणि पाय मात्र एकमेकांना ओळखू लागतात. पंधरा मिनिटांत आमची भोके रेघेच्या बरीच जवळ आली.

तिथे बसल्या बसल्या आम्हाला आमची चूक कळली. वीस वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो, उत्तर आम्ही फळ्यावर लिहिले म्हणजे तुम्हाला गणित आले असे नाही. आणि घरी बावन्न वर्षांच्या बाईच्या हातातून आम्ही फळा हिसकावून घेतला होता. आम्ही माफी मागितली. खाला म्हणाल्या, "माफी कसली? या रविवारी येते. पण हात मागं बांधून बसा."

त्या रविवारपासून आम्ही बिनदोऱ्याचा संगणक शिकवला. तो क्रम इथे देतो आहोत. आपल्या घरातल्या अम्मी, सासूबाई, अब्बा, कोणासाठीही तो वापरता येईल.

आधी बसणे. खुर्ची इतकी उंच असावी की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. मनगट टेबलावर हलके टेकवावे. तर्जनी डाव्या बटणावर, मधले बोट उजव्या बटणावर, अंगठा आणि करंगळीकडची बोटे दोन्ही कडांना. मूठ आवळायची नाही. माऊस टेबलाच्या कडेला पोहोचला आणि बाणाला अजून पुढे जायचे असेल, तर माऊस उचलून परत मध्ये ठेवावा. उचललेला असताना बाण जागचा हलत नाही. ही एक गोष्ट कोणी सांगत नाही, आणि नवी माणसे टेबलाच्या बाहेर हात लांबवत बसतात.

मग पेंट हा चित्रांचा प्रोग्राम उघडून द्यावा. बटण दाबून धरायचे, माऊस ओढायचा, रेघ उमटते, बटण सोडले की रेघ थांबते. पुढे अर्जात ज्याला ओढणे म्हणतात ते हेच. संगणकाच्या क्लासमध्ये यासाठी पत्त्यांचा सॉलिटेअर खेळ देत असत. 1990 सालापासून तो विंडोजमध्ये असायचा आणि पाने ओढता ओढता लोकांचा हात बसायचा. आम्ही तो उघडला तर खाला दचकल्या, "पत्ते? तौबा, तौबा, टीचर!" आम्ही तो मुकाट्याने बंद केला. पेंटमध्ये त्यांनी कुर्तीचा गळा काढला. पहिला गळा वेडावाकडा, चौथा शिवता येईल असा.

डबल क्लिकसाठी हात स्थिर आणि फक्त बोट हलणे गरजेचे असते. विंडोजमध्ये दोन क्लिकमधले अंतर साधारण अर्ध्या सेकंदाचे धरलेले असते. वय झालेल्या बोटांना ते कमी पडते. सेटिंगमध्ये माऊसच्या भागात जाऊन हा वेग कमी करता येतो, बाणाचा वेगही कमी करता येतो, बाण मोठा करता येतो. डावखुऱ्या माणसासाठी बटणांची अदलाबदल होते. तरीही जमत नसेल तर एकदाच क्लिक करून एंटर दाबावे, तेच काम होते. खालांनी हाच मार्ग धरला. इंटरनेटवरच्या अर्जात तर डबल क्लिक लागतच नाही. तिथे बाणाचे रूप पाहायचे. हाताचा पंजा दिसला की एक क्लिक. उभी बारीक रेघ दिसली की तिथे लिहिता येते. गोल चक्र फिरत असले की थांबायचे, दुसऱ्यांदा दाबायचे नाही. घाईने 'सबमिट' दोनदा दाबून गोंधळ करून घेणारे शिकलेले लोकही आम्ही पाहिले आहेत.

उजवे बटण चुकून दाबले आणि भलतीच यादी उघडली तर घाबरू नये. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली एस्केप ही कळ दाबली की ती जाते. आणि लिहिताना काही बिघडले तर कंट्रोल दाबून धरून झेड. शेवटची चूक परत फिरते. खालांना हे फार आवडले. "उसवायला एवढं सोपं असतं तर!" असे त्या म्हणाल्या.

आता कीबोर्ड. शंभरावर कळा पाहून माणूस दडपतो. पहिल्या महिन्यात अक्षरे आणि अंक सोडून आठच कळा लागतात. स्पेस, एंटर, बॅकस्पेस, डिलीट, शिफ्ट, कॅप्स लॉक, टॅब आणि बाणाच्या कळा. बाणाच्या चार कळा आम्ही एकच धरल्या आहेत. बॅकस्पेस आधीचे अक्षर पुसते, डिलीट पुढचे. टॅब दाबले की अर्जातल्या एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाता येते. कळ दाबून धरू नये, टिचकी द्यावी, नाहीतर एका ए ऐवजी दहा ए उमटतात. पासवर्ड लिहिताना अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, म्हणून कॅप्स लॉक चालू आहे की नाही ते आधी पाहावे. तीनदा पासवर्ड चुकला की निम्म्या वेळा दोष त्या एका कळेचा असतो.

अक्षरे एबीसीडीच्या क्रमाने का नाहीत, हा प्रश्न खालांनीही विचारला. ही मांडणी शोल्स यांच्या टाइपरायटरवरून आली, तो 1874 मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणला, आणि तीच आजवर चालत आली. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. डोळे मिटून तो चाचपावा, दोन्ही हातांच्या तर्जनी तिथे ठेवाव्यात. बाकीची बोटे आपोआप आपापल्या जागी बसतात. रोज पंधरा मिनिटे पुरे.

मराठीसाठी आम्ही इनस्क्रिप्ट मांडणी शिकवतो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ती बदलून घेण्याची सोय आहे, पण ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांना ती दुप्पट ओझे होते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. के दाबले की क, शिफ्टसह के दाबले की ख. आय ला ग, शिफ्टसह घ. एल ला त, शिफ्टसह थ. म्हणजे शाळेत अल्पप्राण आणि महाप्राण शिकवतो तेच इथे बोटांत आहे. जोडाक्षरासाठी पाय मोडायची कळ डी. विद्यार्थ्यांनो, ही मांडणी पुढेही उपयोगी आहे. राज्यातल्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीची मिनिटाला 30 शब्दांची, नाहीतर इंग्रजीची 40 शब्दांची गती मागतात.

उर्दू लिहिणाऱ्यांना आणखी एक गंमत सांभाळावी लागते. ओळ उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून बॅकस्पेस उजवीकडचे अक्षर पुसते. अंक मात्र डावीकडून उजवीकडेच उमटतात. पूर्णविराम भलत्या टोकाला जाऊन बसला तर कीबोर्डच्या उजव्या बाजूची कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबावी, विंडोजमध्ये परिच्छेद उजवीकडून चालू होतो. आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका या एका उपायाने सुधारल्या.

नोटपॅडमध्ये खालांनी आधी स्वतःचे नाव लिहिले. मग मुलीचे. मग पासबुक शेजारी ठेवून खाते क्रमांक. एकदा नाही, रोज दहा वेळा. लिहून झाल्यावर एकेक अंक बोट ठेवून मोठ्याने वाचायचा, आधी पासबुकातला, मग पडद्यावरचा. ही युक्ती त्यांची. "कापड कापायच्या आधी माप दोनदा घेते, तसं," त्या म्हणाल्या.

अर्ज भरायचा दिवस आला. आमच्याच टेबलावर, आमच्याच संगणकावर. आम्ही त्यांच्या डाव्या बाजूला, हात मागे बांधून. त्यांची मुलगी उजव्या बाजूला. मुलगी मोबाइलवर झरझर चालणारी. दहाव्या मिनिटाला तिचा हात पुढे आला, "द्या अम्मी, मी करते." खालांनी माऊस सोडला नाही. "बस तू," म्हणाल्या. आम्ही मुलीला चहा करायला पाठवले.

एक तास चाळीस मिनिटे लागली. मधेच वेळ संपून पान बंद झाले, पुन्हा लॉगिन करावे लागले. मोबाइलवर आलेला ओटीपी खालांनी स्वतः पाहून भरला. तो फोनवर कोणालाही सांगायचा नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात पक्के सांगितले होते. शेवटी सगळी माहिती एकत्र दाखवणारे पान आले. खालांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. खाते क्रमांक बरोबर. जन्मतारीख बरोबर. नावावर बोट थांबले. "हे आधारवर असं नाही." आम्ही पाहिले. मुलीच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडले होते. आमच्या नजरेतून ते सुटले होते. खालांनी मागे जाऊन अक्षर पुसले, पुन्हा सगळे वाचले आणि मगच 'सबमिट' दाबले. एकदाच.

शिष्यवृत्तीची रक्कम यंदा जमा झाली. त्याचे पेढे आम्ही खाल्ले. पण गेल्या वर्षीची गेली ती गेलीच, तीत मुलीची दोन पुस्तके आणि एक क्लास राहून गेला, हेही खरे. आता गल्लीतल्या आणखी तीन बायका रविवारी येतात. त्यांना आम्ही शिकवत नाही, खालाच शिकवतात. आम्ही कधी चुकून पुढे झुकलो तर त्या नुसत्या आमच्या हातांकडे पाहतात.

या महिन्याचा गृहपाठ घरातल्या मुलांसाठी आहे. येत्या रविवारी अम्मीला किंवा दादींना खुर्चीवर बसवा. नोटपॅड उघडून द्या. त्यांना स्वतःचे पूर्ण नाव लिहू द्या. कितीही वेळ लागो, तुमचे हात पाठीमागे. जमल्यावर बँकेचा खाते क्रमांक त्यांच्याकडून पाच वेळा लिहून घ्या आणि मोठ्याने वाचून घ्या, मग तो पुसून टाका. पुढच्या महिन्यात आपण ईमेल उघडायला शिकू, इन्शाअल्लाह.